मोमी आंटीचं चौथं तळं

मोमी अगपाल्साच्या तोंडून "मला हे हवंय" असं कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. जेवताना भात हवा का विचारलं, तर म्हणायची, "उरला असेल तर टाक चमचाभर." रूडीने लग्नाचं विचारलं तेव्हा म्हणाली होती, "बघू, जूनमध्ये तशी मोकळीच आहे मी." रूडीने त्याचा अर्थ होकार असा लावला आणि तो बरोबर निघाला. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तीन मुली झाल्या, थोरली लास व्हेगासला जाऊन राहिली, रूडीच्या डोक्यावरचे केस गेले, पण बाईच्या बोलण्याची तऱ्हा काही बदलली नाही.

याला लाजाळूपणा म्हणाल तर चुकाल. मोमी हसायला लागली की ती राबते त्या शेवाळाच्या फार्मच्या या टोकाचं हसू त्या टोकाला ऐकू येतं. भांडायला उभी राहिली तर भल्याभल्यांची बोलती बंद करते. पण आमच्या बेटाच्या या कोना किनाऱ्यावर एक नियम आहे, आणि तो तिने आईच्या दुधाबरोबर घेतलेला आहे. ज्याच्या मागे निघालोय, त्याचं नाव घ्यायचं नाही. मासे धरायला निघालेला माणूस मासे धरायला चाललोय असं म्हणत नाही. जरा फिरून येतो, म्हणतो. गाडीच्या मागून चार गळ आणि बर्फाची पेटी डोकावत असली तरी शेजारी विचारत नाहीत. कुणी विचारलंच, तर माशांनी ऐकलं असं समजून तो गाडी वळवतो, घरी जातो, सगळं सामान उतरवतो आणि दिवसभर विचारणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसतो.

फार्मची नवी मुख्य मार्गो वेल्श पहिल्याच आठवड्यात हे करून बसली. पोरगी मिनेसोटाची, एकतीस वर्षांची, शेवाळावर डॉक्टरेट केलेली, मनाने अगदी लोण्याचा गोळा. पंप सांभाळणारा डेझमंड, म्हणजे रूडीचा धाकटा भाऊ, शनिवारी पगाराची चिठ्ठी न्यायला आला होता. मार्गोने त्याच्या गाडीत गळ पाहिले आणि कौतुकाने हाक मारली, "अंकल, मासेमारीला निघालात का?"

डेझमंडचा चेहरा पडला. त्याने गाडीचं दार उघडलं, आत बसला, आणि समुद्राच्या उलट दिशेने घराकडे निघून गेला. मार्गो तशीच मोमीकडे गेली. आपलं काय चुकलं, हे तिने विचारलं.

"काही नाही गं पोरी," मोमी म्हणाली. "त्याला घरी काम आठवलं असेल."

खरं कारण सांगायचं, तर त्यातही नाव घ्यावं लागलं असतं.

आमचं फार्म विमानतळाच्या पलीकडे, काळ्या लाव्हाच्या पठारावर आहे. तिथे शेवाळ वाढवतात. डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक शेवाळ, आणि त्याच्यातून निघतो लाल रंग. रंगाचं शास्त्रीय नाव घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून सगळे नुसतं 'लाल' म्हणतात. हे लाल औषधाच्या गोळ्यांत जातं, पाळलेल्या सामन माशांच्या खाण्यात जातं, आणि कुठे कुठे जातं ते फार्मवरच्या कुणाला धड माहीत नाही. पण ते कसं येतं, हे मोमीइतकं कुणालाच माहीत नाही. शेवाळाला पोटभर खाऊ घातलं, सावलीत ठेवलं, की ते हिरवंगार राहतं आणि नुसती पिल्लावळ वाढवत बसतं. ते काम हिरव्या बाजूचं. तिथे काचेच्या नळ्या, पांढरे कोट, आणि बोलताना मान वाकडी करणारी शिकलेली मंडळी. मग हे लाडावलेलं शेवाळ उघड्या तळ्यांत सोडायचं, त्याचं खाणं तोडायचं आणि त्याला उन्हात तापत ठेवायचं. जीव वाचवायला ते अंगावर जाड साल चढवतं आणि आत लाल साठवतं. पाच-सहा दिवसांत तळं हिरव्याचं शेवाळी, शेवाळीचं तपकिरी आणि तपकिरीचं विटकरी लाल होतं. हे काम लाल बाजूचं. सात तळी, प्रत्येकात पाणी फिरवत ठेवणारं एक मोठं चाक.

मोमीचा बाप होलुआलोआच्या कॉफीच्या मळ्यांत राबला. मोमीने स्वतः तेवीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात पांढऱ्या चादरी धुतल्या. हॉटेल विकलं गेलं तेव्हा ती फार्मवर लागली, तळी घासायला. अठरा वर्षं झाली, ती तळीच घासतेय. तळं रिकामं झालं की लांब दांड्याचा ब्रश घेऊन आत उतरायचं, तळाचा काळा पत्रा लख्ख करायचा, चाकाची पाती पुसायची, आणि पुढचं पाणी यायच्या आत बाहेर पडायचं. पण घासता घासता तिचे डोळे शेजारच्या तळ्यात असायचे. कुठल्या वाऱ्याला पाणी कसं वागतं, कुठल्या कोपऱ्यात आधी लाली येते, हे तिला पाठ झालं. लाल बाजूचा कारभारी व्हायचं तिच्या मनात कधीपासून होतं. घरी रूडीलासुद्धा तिने तसं सांगितलेलं नव्हतं, आणि रूडीला ते पुरतं ठाऊक होतं.

ही जागा याआधी दोनदा रिकामी झाली होती. पहिल्या वेळी मोमीने तेव्हाच्या साहेबाचे गमबूट धुऊन रोज त्याच्या दारात ठेवले. साहेबाने तिला छान, छान म्हटलं आणि ओआहू बेटावरून एक माणूस आणला. दुसऱ्या वेळी तिने आठवडाभर रोज एक ताट बटर मोची करून नेली. लोण्या-नारळाच्या त्या चिकट गोड वड्यांनी साहेबाचं वजन दोन किलोंनी वाढलं आणि जागा तोकुनागा अंकलना मिळाली. तोकुनागा अंकल भला माणूस. त्यांच्याबद्दल मोमीची तक्रार नव्हती. पण त्या संध्याकाळी तिने घरची सगळी भांडी, धुतलेली असूनही, पुन्हा घासली.

आता तोकुनागा अंकल निवृत्त होऊन हिलोला लेकीकडे गेले, आणि जागा तिसऱ्यांदा रिकामी झाली. मोमी एकसष्ट वर्षांची. चौथी वेळ येणार नाही, हे तिला कळत होतं.

मार्गोने कारभारी मिळेपर्यंत एकेक तळं एकेकाकडे दिलं. चौथं मोमीला मिळालं. शुक्रवारी दुपारपर्यंत नाव मुख्य कचेरीला कळवायचं होतं. हिरव्या बाजूचा ब्रेट नावाचा एक तरुण त्या जागेसाठी मार्गोला तीनदा येऊन भेटला होता. तिसऱ्यांदा तर तो आपल्या योजनेचा आराखडाच रंगीत कागदावर छापून घेऊन आला. मोमी एकदाही भेटली नाही. तिने आपलं तळं सांभाळलं.

रविवारी सकाळी चौथ्या तळ्यात हिरवं पाणी सोडलं. पहिले दोन दिवस ज्वालामुखीचं धुरकं खाली उतरून बसलं होतं. सूर्य नुसता पिवळट चकतीसारखा दिसायचा, घसा खवखवायचा, आणि तळं मख्खासारखं हिरवंच राहिलं. मार्गोच्या वहीत प्रत्येक तळ्यापुढे एक रकाना होता, 'कधी तयार होईल'. ब्रेटने त्याला मिळालेल्या तळ्यापुढे तारीख, वार आणि तास लिहिला होता. मोमीने सोमवारी लिहिलं, 'हवा कोंदट.' मंगळवारी लिहिलं, 'वाऱ्याने दिशा बदलली.'

मार्गो वही घेऊन तिच्याकडे आली. "मोमी आंटी, इथे तारीख हवी."

"तारीख का, आजची ना? आज मंगळवार."

"आजची नाही. तळं कधी तयार होईल त्याची. मला माणसं लावावी लागतात, पंप लावावा लागतो. निदान अंदाज?"

मोमीने तळ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं. "बघू," ती म्हणाली.

मार्गोने सुस्कारा सोडला आणि 'शनिवार' असं म्हणत स्वतःच्या हाताने तिथे लिहून टाकलं. सहा दिवसांचा हिशेब, पुस्तकात होता तसा. मोमीने पटकन पाण्याकडे पाहिलं. शनिवार हा शब्द तळ्याच्या काठावर, तळ्याच्या देखत, चांगला मोठ्याने उच्चारला गेला होता.

त्या फिरलेल्या वाऱ्याबरोबर मंगळवारी दुपारी धुरकं उठून समुद्रावर गेलं. बुधवारी असं ऊन पडलं की लाव्हावरून अनवाणी चालणं मुश्कील झालं. आभाळ धुतल्यासारखं निळं, समुद्र सपाट, एक लाट नाही. मोमीने संध्याकाळी तळ्याकडे पाहिलं तेव्हा पाण्याला तांबूस झाक आली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. घरी आली तर रूडी अंगणात कुठलीशी दोरी गुंडाळत होता.

"उद्या वायमेयाला जाऊन येईन म्हणतो," तो म्हणाला. "टायरचं बघायचंय एकाकडे."

"बरं," मोमी म्हणाली. "टोपी घेऊन जा. टायरवाल्याकडे ऊन फार असतं."

गुरुवारी ती पोहोचली तेव्हा लाल बाजू ओस पडली होती. डेझमंडची पाठ दुखत होती, असा निरोप होता. तळ्यांवरच्या कालानी आणि फ्रेडी या दोघांपैकी एकाची दाढ दुखत होती आणि दुसऱ्याच्या आत्याला विमानतळावरून आणायचं होतं. सकाळपासून समुद्रावर पाखरांचे थवे घिरट्या घालत होते, म्हणजे खाली मासळी उसळली होती. एवढी मासळी वर आल्यावर कोनात निम्म्या लोकांची पाठ दुखते.

मोमीची न्याहारीची एक पद्धत होती. तिच्याजवळ भाताचा एक पांढरा वाडगा होता. त्यात तळ्याचं पाणी भरून ती काठावर ठेवायची आणि शेजारी बसून डब्यातला भात आणि अंडं खायची. जेवण होईपर्यंत पाणी तसंच गढूळ राहिलं तर तळं कच्चं. शेवाळ वाडग्याच्या तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ झालं तर तळं पिकलं. तोकुनागा अंकलही शेवटी शेवटी तिच्या वाडग्याकडे चोरून पाहायचे.

त्या दिवशी तिचं अंडं अर्धंच खाऊन झालं होतं. वाडग्यात वर पाणी स्वच्छ, आणि तळाशी करंगळीच्या पेराएवढा विटकरी लाल थर. इतकी गडद लाली तिने अठरा वर्षांत दोनदाच पाहिली होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग लगेच तिच्या लक्षात आलं की पिकलेलं तळं आजच्या आज उपसलं पाहिजे. एक दिवस जास्त राहिलं की जड झालेलं शेवाळ तळाला चिकटतं, वाऱ्याबरोबर आलेली बुरशी त्यावर तुटून पडते, आणि शनिवारी हाती लागतो नुसता चिखल. आणि उपसायला कोण? सगळे समुद्रावर.

नवऱ्याला फोन करावा, तर होडीवर फोन करून परत या म्हणणं हे त्यांच्या माशांना पळवून लावण्यासारखंच. मार्गोला सांगावं, तर काय सांगावं? पोरं कुठे आहेत हे सांगायचं नाही, तळं काय झालंय हे सांगायचं नाही. मोमी वाडगा दोन्ही हातांत धरून कचेरीत गेली, दाराशी चपला काढल्या, आणि वाडगा मार्गोच्या टेबलावर ठेवला.

मार्गोने वर पाहिलं. "हे काय?"

"वाडगा," मोमी म्हणाली.

"ते दिसतंय. आत काय आहे?"

"चौथं तळं."

मार्गोने वाडगा जवळ ओढला. मग त्यातला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ती बराच वेळ डोळा लावून बसली. उठली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"एकूण एक पेशी भरलेली आहे," ती म्हणाली. "आंटी, हे काल संध्याकाळीच दिसलं असेल तुम्हाला. सांगितलं का नाही? आज माझ्याकडे तळ्यात उतरायला एक माणूस नाही. एकाची पाठ, एकाची दाढ, एकाची आत्या."

"दोन माणसं आहेत की," मोमी म्हणाली. "तुझे गमबूट कुठे आहेत?"

मार्गोने शेवाळावर दोनशे पानांचा प्रबंध लिहिला होता, पण तळ्यात ती कधी उतरली नव्हती. मोमीने तिला ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. डेझमंडचा पंप हा एक आडमुठा प्राणी होता. तो फक्त डेझमंडचं ऐकतो असा समज होता, आणि तो समज डेझमंडनेच पसरवला होता. मोमीने त्याच्या बुडाशी गमबुटाची एक लाथ घातली, झडप अर्धी फिरवली, थांबली, मग पूर्ण फिरवली. पंप खोकला आणि सुरू झाला. तळ्याचं पाणी निवळणीच्या टाकीकडे वाहू लागलं.

पाणी जसजसं उतरत गेलं तसतसा मागे राहिलेला लाल गाळ पंपाच्या तोंडाकडे लोटत न्यायचा होता. दोघी दोन कडांनी चालत होत्या. अर्ध्या तासात मार्गोच्या तळहाताला फोड आले. पाऊण तासाने ती तळ्याच्या टोकाशी घसरली आणि सरळ लाल पाण्यात बसली, गळ्यापर्यंत रंगली. मोमीने हसू दाबायचा प्रयत्न केला. मग मार्गोच हसायला लागली, आणि मोमीचं ते सुप्रसिद्ध हसू सातही तळ्यांवरून घुमत गेलं. हिरव्या बाजूच्या लोकांनी खिडक्यांतून पाहिलं. ब्रेटनेही पाहिलं, हात हलवला, आणि आपल्या पांढऱ्या कोटाकडे बघून आतच थांबला.

दुपार होत आली तेव्हा दोन्ही कडा झाल्या होत्या आणि मधला पट्टा उरला होता. दोघी चाकाच्या सावलीत टेकल्या. मोमीने डब्यातलं उरलेलं अंडं आणि भात मार्गोला दिला.

"आंटी, एक सांगू?" मार्गो म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्हालाच लाल बाजू द्यावी. पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

मोमीचा हात डब्यावरच राहिला.

"पण तुम्ही कधी बोललाच नाहीत. तीन महिने वाट पाहिली मी. वहीत तुम्ही तारीखही लिहीत नाही. मला वाटलं, तुम्हाला जबाबदारी नकोय. या वयात कुणाला नको असेल तर मी कोण गळ्यात मारणारी? ब्रेट तीनदा आला. त्याला हवंय. म्हणून मी त्याचं नाव लिहून ठेवलंय. पत्र तयार आहे, उद्यापर्यंत थांबायचं काही कारण नाही. हे आवरलं की पाठवते."

हे ती अगदी मायेने बोलली, आणि म्हणूनच मोमीला काय करावं कळेना. तिने तोंड उघडलं. तिच्या तोंडून निघालं, "ब्रेट चांगला आहे. उंच आहे."

"हो," मार्गो म्हणाली. "उंच आहे."

"त्याला तळ्याच्या मधोमध हात पोहोचेल."

"पोहोचेल."

मोमीला स्वतःचाच असा राग आला की काय सांगू. पस्तीस वर्षं संसार केला, तीन लेकी वाढवल्या, हॉटेलच्या मॅनेजरला एकदा ओल्या चादरीने बडवलं होतं, आणि आता चार शब्द घशातून वर येईनात. नाव घेतलं की हातचं जातं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. पण नाव न घेता दोनदा गेलंच होतं की. हा हिशेब तिने आजवर कधी मांडला नव्हता. दोन्ही वेळा ती गप्प बसली होती आणि दोन्ही वेळा जागा बोलणाऱ्याला मिळाली होती. मासे ऐकून पळतात, हे ठीक. माणसं न ऐकून पळतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून रूडीची गाडी आत आली. मागे बर्फाच्या दोन पेट्या होत्या आणि पेट्यांवर डेझमंड, कालानी आणि फ्रेडी उन्हाने भाजून निघालेले, खुशीत बसले होते. मोमीचा वाटा द्यायला आले होते ते. डेझमंडने एक भलामोठा आही मासा खांद्यावर टाकून गाडीतून टुणकन उडी मारली आणि वळून पाहतो तो समोर मार्गो, नखशिखांत लाल.

रूडीने इंजिन बंद केलं. डेझमंडने हळूच एक हात कमरेवर नेला आणि जरासा वाकला.

"पाठ कशी आहे, अंकल?" मार्गोने विचारलं.

"आहे. म्हणजे, बरीच बरी आहे."

"आणि तुमची दाढ?"

फ्रेडीने गालावर हात ठेवला. कालानीने चोरून त्याचा हात खाली ओढला, कारण दाढ कालानीची होती.

"आत्या आली का?"

"पेटीत आहे," रूडी म्हणाला. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

मार्गोने त्या चौघांकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, आणि तिला एकदम पहिल्या आठवड्यातला तो शनिवार आठवला असावा. "अंकल," ती डेझमंडला म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं, म्हणून तुम्ही गेला नव्हतात ना?"

डेझमंडने मान खाली घातली. "तू नवीन होतीस पोरी. तुला काय ठाऊक."

"मग आज मी काही विचारत नाही," मार्गो म्हणाली. "ब्रश तिकडे आहेत."

चौघे पटापट आत उतरले. मधला पट्टा वीस मिनिटांत झाला. रूडीचा फार्मशी काही संबंध नव्हता, तरी तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला. लाल गाळाचा शेवटचा लोट टाकीत गेला. मार्गोने त्यातली बाटलीभर घेतली आणि तपासायला आत गेली. थोड्या वेळाने तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून आकडा सांगितला. या वर्षातल्या सगळ्या तळ्यांत तो वरचढ होता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. डेझमंडने पंपाला नमस्कार केला.

"वहिनी," डेझमंड म्हणाला, "आता बघ, आपोआप तुलाच मिळतं की नाही."

"काय मिळतं?" मोमीने विचारलं.

डेझमंड गोंधळला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तेच ते. फिरायला जायचं."

मोमीने आपल्या दिराकडे पाहिलं. एवढा बाप्या माणूस, तिच्यासाठी मनापासून खूश झालेला, आणि नाव घ्यायला घाबरतोय. तिने रूडीकडे पाहिलं. रूडी जवळ आला. त्याने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला.

खिडकीतून दिसत होतं की मार्गो टेबलाशी बसलीय, हात पुसतेय आणि संगणक स्वतःकडे ओढतेय.

मोमी निघाली. कचेरीच्या दाराशी चपला काढायच्या असतात, अठरा वर्षांत ती कधी विसरली नव्हती. आज गमबुटांसकट सरळ आत शिरली. पांढऱ्या फरशीवर लाल पावलं उमटत गेली. आकडा ऐकून तिथे आलेल्या ब्रेटने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून मिटलं.

"थांब," मोमी म्हणाली.

मार्गोचं बोट पत्र पाठवायच्या कळीवर होतं. ते तिथेच थांबलं.

"काय झालं, आंटी?"

मोमीने टेबलाची कड धरली. खिडकीबाहेर चौघे पुरुष गर्दी करून उभे होते. फ्रेडीने तर श्वास रोखून धरला होता.

"मला ते काम हवंय," मोमी म्हणाली.

आवाज फाटलेला निघाला, पण निघाला. बाहेर कालानीने नकळत आभाळाकडे पाहिलं. आभाळ होतं तसंच निळं होतं. चाकं फिरत होती. टाकीत लाल खाली बसत होतं, आणि कुठे काही पळून गेलं नव्हतं.

"लाल बाजू मला हवीय," ती पुढे म्हणाली, आणि आता तिला थांबता येईना. "अठरा वर्षांपासून हवीय. पहिल्यांदा दिली नाही तेव्हाही हवी होती, दुसऱ्यांदा दिली नाही तेव्हाही हवी होती. ब्रेट चांगला मुलगा आहे, पण त्याला तळं अजून कळत नाही. मला कळतं. मी शिकवीन त्याला. पण काम मला दे."

मार्गोने पडद्याकडे पाहिलं. लिहिलेलं नाव तिने एकेक अक्षर करून पुसलं. मग मोमीचं नाव लिहिलं, कळ दाबली, आणि खुर्ची मागे ढकलून उठली.

"दिलं," ती म्हणाली. "सोमवारपासून."

मोमी तिथल्याच एका स्टुलावर बसली. स्टूल लाल झालं. ती रडत होती आणि हसत होती, आणि त्यातलं कुठलं कधी चाललंय ते बघणाऱ्यांना कळत नव्हतं. रूडी खिडकीच्या चौकटीला धरून उभा होता. लग्नाच्या होकारापासून ज्या 'हवंय' या शब्दाची त्याने वाट पाहिली तो दुसऱ्याच कुणाला तरी उद्देशून का होईना, आज त्याच्या कानावर पडला होता.

"आंटी, पाणी देऊ का?" मार्गोने विचारलं.

मोमीने डोळे पुसले. गालावर लाल फराटा उठला.

"हो," ती म्हणाली. "हवंय. मोठा पेला दे. आणि गार."